झिजलेला प्लँट आणि मागे पडलेला प्लँट

पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या केमिकल प्लँटबद्दल 'जुना झाला, आता पैसे घालू या' असं ठरतं, तेव्हा त्या 'जुना'मध्ये दोन वेगळी दुखणी असू शकतात. एकात लोखंड झिजलेलं असतं. दुसऱ्यात लोखंड ठणठणीत असतं, पण प्रक्रियाच मागे पडलेली असते. पहिलं थिकनेस गेजवर (जाडी मोजायच्या उपकरणावर) कळतं, दुसरं वीजबिलावर.

झिजेचा हिशेब असा. व्हेसलची (दाबाखाली चालणाऱ्या टाकीची) शेल, म्हणजे तिची भिंत, मुळात 10 मिमी जाड, 15 वर्षांनी 7, डिझाइनप्रमाणे किमान 5 हवी. सरासरी झीज वर्षाला 0.2 मिमी, म्हणजे 10 वर्षं शिल्लक. पण तीन वर्षांपूर्वीचं रीडिंग 7.9 असेल तर अलीकडचा वेग 0.3 निघतो आणि उरतात साडेसहा वर्षं. धरायचा तो वाईट आकडा. एपीआय 510 या व्हेसल तपासणीच्या अमेरिकी संहितेप्रमाणे आतली तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात, फार तर 10 वर्षांत व्हायला हवी. रीडिंग सरळ पाइपवरच घेतली असतील तर त्यांच्यावर फारसं विसंबू नका. एल्बोची (पाइपच्या वळणाची) बाहेरची बाजू, इंजेक्शन पॉइंटच्या (लाइनमध्ये रसायन सोडतात त्या जागेच्या) पुढचा भाग आणि इन्सुलेशनखालची लाइन बघा. क्लॅडिंग (इन्सुलेशनवरचं पत्र्याचं आवरण) फाटून पाणी शिरलं की बाहेर पत्रा चकचकीत आणि आत गंजाचे पापुद्रे. इथे नवा डीसीएस (प्लँट चालवणारी संगणकीय नियंत्रण यंत्रणा) बसवून काही पाइप जाड होत नाही.

मागे पडणं म्हणजे काय, ते कॉस्टिक सोड्यात स्वच्छ दिसतं. तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून बनतो. पारा वापरणाऱ्या जुन्या मर्क्युरी सेलला टनामागे साधारण 3,100 ते 3,400 युनिट वीज लागते, पडदा वापरणाऱ्या नव्या मेम्ब्रेन सेलला 2,200 ते 2,500. फरक 700 युनिटचा धरला, तरी रोज 100 टन आणि वर्षाला 350 दिवस चालणाऱ्या प्लँटमध्ये 2.45 कोटी युनिट वाचतात. शिवाय पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात या उद्योगातला पारा थांबवायची मुदत 2025 होती. जुने सेल कितीही जपलेले असोत, त्यांना पुढे भवितव्य नाही.

मात्र 'सेल बदलले की झालं' हा अंदाजपत्रकातला नेहमीचा घोटाळा. मेम्ब्रेनला ब्राइनमधलं (मिठाच्या पाण्यातलं) कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून 20 पीपीबीच्या (अब्ज भागांत 20 भागांच्या) आत लागतं, म्हणून ते रेझिनच्या दाण्यांवर पकडणारे आयन एक्स्चेंजचे कॉलम आले. परतीच्या ब्राइनमधला क्लोरीन आधी काढला नाही तर कॉलममधलं रेझिन खराब होतं, म्हणून डीक्लोरिनेशन आलं. मर्क्युरी सेल थेट 50 टक्के कॉस्टिक देतो, मेम्ब्रेन 32 टक्के. ग्राहकाला 48 हवं असेल तर इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं यंत्र) आणि त्याची वाफ विजेच्या बचतीतून वजा करा. पारा मुरलेली फरशी आणि गटारं साफ करण्याचा खर्च वेगळा.

दोन्ही दुखणी एकत्र असली, तर परतफेडीची वर्षं आणि उरलेलं आयुष्य शेजारी मांडा. सेलचे पैसे पाच वर्षांत सुटणार असतील आणि ब्राइन लाइन तीनच वर्षं टिकणार असेल, तर त्या लाइनचा खर्च याच प्रकल्पात धरायचा, मेंटेनन्सच्या खात्यात ढकलायचा नाही.