सुटलेले पोट आणि फुफ्फुसांचा ताप : एक पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत पोट थोडे सुटलेल्या माणसाला अजूनही ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार यांच्या आधारे वाढणारे हे वजन फार तर साखर, रक्तदाब किंवा गुडघ्यांच्या खात्यावर मांडले जाते; सर्दी-तापाशी त्याचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. यात केवळ आपलेच चुकले असेही नाही. इन्फ्लुएन्झा कोणाला जड जाईल याच्या वैद्यकीय यादीत वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमेकरी, हृदयरोगी असत. लठ्ठपणाकडे स्वतंत्र धोका म्हणून लक्ष गेले ते २००९ मध्ये.

त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ आली आणि जुलैमध्ये अमेरिकेतील मिशिगनमधून एक छोटा अहवाल प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातील १० रुग्णांपैकी ९ जण लठ्ठ होते, आणि त्यांतील ७ जणांचा बीएमआय (किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा; ३० पासून पुढे लठ्ठ) ४० किंवा त्याहून अधिक होता. दहा रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पण कॅलिफोर्नियातील मोठ्या नोंदींनीही तीच दिशा दाखवली.

कारण बरेचसे यांत्रिक आहे. पोटातील चरबी श्वासपटलाला वर रेटते, त्यामुळे, विशेषतः उताणे झोपल्यावर, फुफ्फुसांचा तळाचा भाग पुरता फुगत नाही. एरवी ही उणीव जाणवत नाही, न्यूमोनियात मात्र तीच महागात पडते. २०२१ च्या उन्हाळ्यात इंदूरच्या सुदामानगरात कोविड झालेल्या आमच्या काकांना पालथे झोपवताना छातीखाली एक आणि कमरेखाली दोन उशा ठेवून पोटासाठी मध्ये पोकळी सोडावी लागली, तेव्हा कुठे ऑक्सिमीटर ८९ वरून ९३ वर सरकला. शिवाय चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून लेप्टिन, इंटरल्युकिन-६ यांसारखी द्रव्ये रक्तात उतरतात आणि शरीरात मंद दाह कायम धुमसत राहतो. नॉर्थ कॅरोलिनातील २०१२ च्या अभ्यासात फ्लूच्या लशीने तयार झालेली प्रतिपिंडे लठ्ठ व्यक्तींमध्ये वर्षभरात अधिक घटलेली दिसली.

कोविडमध्ये हे पुन्हा घडले. २०२० मध्ये फ्रान्समधील लील येथे अतिदक्षता विभागातील १२४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा बीएमआय ३० च्या वर होता. मधुमेह आणि वय यांचा वाटा वेगळा काढणे सोपे नसते, हे येथे मान्य करायला हवे.

पण हे आकडे ज्या मापाने मोजले ते माप मुळात आपल्या शरीरांवर बेतलेले नाही. बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय माणसांच्या मोजमापांवरून मांडलेल्या गुणोत्तराला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले : दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. त्यानंतर, २००९ मध्ये, भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची रेषा ३० वरून २५ वर आणली. म्हणजे १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस जागतिक मापाने सुमारे ८५ किलोंना लठ्ठ ठरतो, भारतीय मापाने ७१ ला. तेवढ्याच उंचीच्या आमच्या काकांचे वजन तेव्हा ७६ किलो होते.