कलावंत-प्रकाशक (गोवा)

चित्र, काव्य, अक्षररचना अशा एकाहून अधिक कलांत प्रयोग करणारा आणि आपले काम स्वतःच मांडून, छापून मोजक्या प्रतींत वाचकांपर्यंत नेणारा कलावंत. गोव्यात या प्रथेचे मूळ १५५६ च्या छापखान्यात शोधण्याचा प्रघात आहे. ॲबिसिनियाकडे (आजचा इथिओपिया) निघालेला हा जेझुइट छापखाना गोव्यातच राहिला व सेंट पॉल कॉलेजात बुस्तामांते या स्पॅनिश धर्मबंधूने तो चालवला. पहिले मुद्रण १५५६ चे ‘कोंक्लुझोंइश’ की १५५७ ची ‘दौत्रिना’ ही धर्मशिक्षणाची पुस्तिका, याची चर्चा मुद्रणेतिहासकार अ. का. प्रियोळकरांपासून चालत आली आहे. पहिल्याला पुस्तक म्हणावे की वादविषयांची पत्रके, यावर उत्तर अवलंबून आहे. प्रती दोन्हींच्या उपलब्ध नाहीत. मात्र हे मुद्रण मिशनचे होते, कलावंताचे नव्हे.

जेझुइट कवी फादर स्टीफन्सचा दाखला अधिक जवळचा ठरतो. देशी लिपीत पुस्तके छापावीत, ही इच्छा त्याने १६०८ च्या पत्रात व्यक्त केली. सुमारे सहाशे अक्षरसाचे पाडावे लागतील, ही अडचण होती. अखेर ‘क्रिस्तपुराणा’च्या मराठी ओव्या १६१६ मध्ये राशोल येथे रोमी (रोमन) लिपीत छापल्या गेल्या. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रण थांबले, ते १८२१ मध्येच पुन्हा सुरू झाले. त्यामुळे अखंड परंपरेचा दावा टिकत नाही. आधुनिक प्रथेचा उगम मुंबईत मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात छपाईपूर्व तपासणी होती आणि कलाशिक्षणासाठी मुंबई गाठावी लागे. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–७१) मुंबईत चित्रकला शिकले व १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक काढले. चित्रकारच संपादक आणि प्रकाशक, हा त्याचा विशेष. खप पाहता त्याला लघुप्रकाशन म्हणणे मात्र अवघड. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी नियतकालिकांच्या छापील पानांवर रसायनाने शाई विरघळवून चित्रे केली. मुद्रित मजकूरच कच्चा माल ठरला. १९५४ चे चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) अनियतकालिक ‘शब्द’ आणि साठच्या दशकातील लघुअनियतकालिके यांनी मराठी कवी-चित्रकारांना प्रकाशकावाचून छापण्याची वाट दाखवली. कवी व जाहिरात-चित्रकार अरुण कोलटकर ‘शब्द’च्या मंडळींपैकीच.

१९६१ च्या गोवामुक्तीनंतर गोव्यातील अशा प्रकाशनांत मराठीबरोबर देवनागरी व रोमी कोकणी आणि इंग्रजी या भाषाही येतात. ऑफसेट व पुढे संगणकीय छपाईमुळे थोड्या प्रती काढणे परवडू लागले.