सहीच्या आधी काय बोललं गेलं?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी फायली सांभाळते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटचा भाऊ किंवा मुलगा काउंटरवर येतो. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात फोन. संमतीपत्रावर फुली मारलेल्या जागी सही करतो आणि लिफ्टकडे पळतो. कागद इंग्रजीत, आणि तो कुणी वाचूनही दाखवलेला नसतो. पुढे वाद झाला तर वकील पहिल्यांदा हाच कागद मागतात.

या कागदापर्यंत आपण आलो त्याची सुरुवात कोकणात आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता हाड ओढून प्लॅस्टर घातलं गेलं आणि त्यातच मुलगा गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते आणि त्यांनीच दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये आला, भरपाई ३,००० रुपये. केस घ्यायची का, उपचार कोणता द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने सांगितलं. पेशंट बरा होईलच अशी हमी कायदा तेव्हाही मागत नव्हता, आजही मागत नाही. हे नातेवाइकांना समजावून सांगणारं माणूस मात्र दवाखान्यात क्वचितच सापडतं.

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला. ती वाचली नाही. पोटात टॉवेल कसा राहिला याचा आणखी पुरावा कशाला हवा, आणि सरकारी नोकरांच्या चुकीची जबाबदारी सरकारचीच, असं न्यायालय म्हणालं. पण कधी? १९९६ मध्ये. ३६,००० रुपयांसाठी तेहेतीस वर्षं.

म्हणूनच १३ नोव्हेंबर १९९५ चा निकाल मोठा ठरला. पैसे घेऊन दिलेला उपचार ही १९८६ च्या ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आणि सामान्य माणसाला दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट टाळता येऊ लागली. सगळ्यांना मोफत उपचार देणारी इस्पितळं मात्र त्यातून वगळली गेली. नाममात्र केस पेपर फी घेतली तरी फरक पडत नाही. सगळ्यात गरीब पेशंटलाच हा सोपा रस्ता बंद, हे मला आजही खटकतं.

डॉक्टरांकडे इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटच्या भरपाई दाव्यांसाठीचा विमा, रुळली ती याच काळात. यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: दावा दाखल होतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. मध्ये एक वर्ष नूतनीकरण राहिलं, तर जुन्या ऑपरेशनवरचा नवा दावा स्वतःच्या खिशातून भागवायची वेळ येते.

ठाण्यात कोर्टाइतकीच जमावाचीही भीती आहे. २६ ऑगस्ट २००१ रोजी आनंद दिघे यांचं सिंघानिया हॉस्पिटलमध्ये निधन झालं आणि संतापलेल्या जमावाने ते हॉस्पिटल फोडून पेटवून दिलं. इथले जुने डॉक्टर अजूनही तो दिवस विसरलेले नाहीत. २०१० मध्ये राज्याने कायदा केला: दवाखान्यात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. फौजदारी बाजूला, सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने डॉक्टरला सरसकट अटक करू नये, आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं, असं पोलिसांना बजावलं.

माझ्या टेबलाशी सगळ्यात जवळचा निकाल जानेवारी २००८ चा. दिल्लीतली ४४ वर्षांची एक बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान पेशंटची शुद्धीवर असतानाची स्वतःचीच हो हवी, आणि तीही धोके व दुसरे पर्याय सांगून घेतलेली. म्हणजे लिफ्टकडे पळणाऱ्या त्या भावाच्या सहीला तसा अर्थ नाही.

नोंदींचंही तसंच. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार केसची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. तक्रार आल्यावर मागाहून भरलेली वेळ शाईवरूनच ओळखू येते, म्हणून नर्सनी बीपी घेतल्या घेतल्या वेळ लिहावी, असा माझा हट्ट असतो.

आता आमच्याकडे संमतीपत्र मराठीतही आहे. गेल्या महिन्यात एका मावशींनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, “गाठच काढणार ना? पिशवी नाही ना?” डॉक्टर खुर्ची ओढून बसले. गाठ कुठे चिकटलेली निघाली तर काय करावं लागेल, ते चित्र काढून सांगितलं. मावशी म्हणाल्या, “मग आधी मला उठवा, मी ठरवीन.” ते वाक्य डॉक्टरांनी केस पेपरवर जसंच्या तसं लिहिलं, खाली वेळ घातली, आणि मग मावशींनी सही केली.