पार्श्वभूमी : गेम खेळणाऱ्यांची बाजू कोणी मांडायची?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी लागोपाठच्या दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक संमत केले आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. सरकारी निर्बंधांना विरोध करायचा तर गेम खेळणाऱ्यांची स्वतंत्र संघटना हवी का, हा प्रश्न पुण्यातल्या गेमिंग कॅफेंमध्ये त्यानंतर अधिक निघू लागला असला, तरी तो त्या कायद्याहून जुना आहे.

त्याचा निम्मा गुंता ‘गेमिंग’ या शब्दात आहे. मराठीत खेळ आणि जुगार हे दोन निराळे शब्द आहेत; इंग्रज सरकारने 1887 मध्ये मुंबई प्रांतासाठी केलेल्या आणि आजही महाराष्ट्रात लागू असलेल्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात मात्र ‘गेमिंग’ म्हणजे जुगार आणि ‘गेमिंग हाउस’ म्हणजे जुगाराचा अड्डा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट होती. ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ठरवले आणि 1968 मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. पुढे मोबाइलवर रमी आणि फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या कंपन्या याच निकालांच्या आधारावर उभ्या राहिल्या आणि स्वतःला ‘गेमिंग उद्योग’ म्हणवू लागल्या. परिणामी, सरकारदरबारी ‘गेमिंग’ची बाजू मांडायला जे जात राहिले त्यांतले बहुतेक पैशांच्या खेळांचे चालक होते. पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये कथा, चित्रे आणि कोड जुळवत वर्षानुवर्षे एकेका गेमवर काम करणारी मंडळीही त्याच नावाखाली मोजली गेली. शहरातल्या दैनिकांत अधूनमधून ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ असा मथळा येतो. बातमी वाचावी तर यंत्रावर पैसे लावून जुगार चालला होता, रोकड आणि यंत्रे जप्त झाली, असे निघते. शेजारच्या गल्लीत हेडफोन लावून काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या मुलाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो, पण घरी जाब त्यालाच विचारला जातो.

खुद्द खेळणाऱ्यांना निर्बंधांची पहिली मोठी झळ लागली ती 2 सप्टेंबर 2020 रोजी. त्या दिवशी 118 ॲपवर बंदी आली आणि त्यांत पबजी होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालील अशा कारवाईत तक्रारी आणि कार्यवाही गोपनीय ठेवली जाते, त्यामुळे ज्याचे खाते रातोरात निरुपयोगी झाले त्याने दाद मागायची तरी कशाच्या आधारावर, हे कळायला मार्ग नव्हता. त्याच गेमची भारतीय आवृत्ती 2021 मध्ये आली, 2022 मध्ये हटवली गेली आणि 2023 मध्ये अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास अशा मर्यादेसह परतली. ही घासाघीस कंपनी आणि सरकार यांच्यात झाली.

ऑनलाइन गेमसाठी केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये केलेल्या नियमांकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांत स्वयंनियामक संस्थांची, म्हणजे कोणता खेळ चालू द्यायचा हे तपासणाऱ्या उद्योगाच्याच संस्थांची तरतूद होती आणि अशा प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळावर ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी एक व्यक्ती असावी, असे लिहिले होते. म्हणजे खुर्ची ठेवलेली होती. पण उद्योगातल्या गटांचे प्रस्ताव येऊनही अशी एकही संस्था अधिसूचित झाली नाही. झाली असती, तरी त्या खुर्चीसाठी नाव सुचवेल अशी खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना देशात नव्हती.

परदेशातही चित्र सरळ नाही. हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा निर्बंध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केला, पण तो खटला विक्रेते आणि उत्पादक यांच्या संघटनांनी लढवला होता. युरोपात 2024 पासून खेळाडूंनी जी मोठी सह्यांची मोहीम चालवली, तिची मागणी तर उलटी आहे: कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर विकत घेतलेला गेम निरुपयोगी होऊ नये, यासाठी कायदा करा. खेळणाऱ्याचे हित आणि विकणाऱ्याचे हित दर वेळी एकत्र नांदत नाही. 1974 मध्ये देशव्यापी ग्राहक संघटनेची स्थापना ज्या शहरात झाली, त्या पुण्याला हे नव्याने सांगायला नको.

2025 च्या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला. आता कसोटी आहे ती पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेची. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, प्रवेश शुल्क आणि बक्षीस यांची मुभा आहे, पण खेळ रीतसर मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत असेल तरच. महाविद्यालयाच्या फेस्टमध्ये संघामागे दोनशे रुपये घेऊन त्याच रकमेतून बक्षीस देण्याची पद्धत जुनी आहे. ती या व्याख्येत कुठे बसते, हे आयोजक विद्यार्थ्याने स्वतः कायदा वाचून ठरवायचे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फेस्टचा आयोजक बहुधा दोन्ही असतो. या कायद्याविरुद्ध कंपन्यांनी कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत केलेल्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या. त्यांतला मुख्य युक्तिवाद कौशल्याच्या खेळाचा आणि व्यवसायाच्या हक्काचा, म्हणजे पुन्हा 1957 चाच आहे.