प्रकल्पग्रस्तांचे नेतृत्व (नवी मुंबई)

नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी, कोळी, कराडी गावांच्या लढ्यातून घडलेली नेतृत्वाची परंपरा. तिच्या केंद्रस्थानी दिनकर बाळू पाटील ऊर्फ दि. बा. (१९२६–२०१३) आहेत. उरण तालुक्यातील जासईचे हे वकील शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. गावागावांत मात्र त्यांचे वजन पदापेक्षा शब्दाचे होते.

नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे प्रकल्पात आली. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठ सारेच. पैसे दिले की व्यवहार मिटला, असा सरकारी हिशोब होता. दि. बां.ची मांडणी त्यापुढची होती: ज्या मातीवर शहर उभे राहणार, त्या शहराच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचाही वाटा हवा. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती मान्य करून घ्यायला रक्त सांडावे लागले.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा आणि नवघर परिसरात शेतकरी जमीन संपादनाविरुद्ध रस्त्यावर उतरले. बायकाही मागे नव्हत्या. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. ज्याच्या हाकेवर माणसे जमली आणि मेली, त्या नेत्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. दि. बां.नी मागणी सोडली नाही, तडजोडीत विकलीही नाही. १९९० मध्ये शासनाने साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय घेतला.

या आकड्याची फोड अशी: संपादित एका एकरामागे, म्हणजे ४० गुंठ्यांमागे, वाटा पाच गुंठ्यांचा. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कपात. हातात उरतात साडेतीन गुंठे, तेही भाडेपट्ट्याने. एवढ्यावरही भूखंड मिळण्यासाठी अनेकांच्या चपला झिजल्या, आणि पुढे कित्येक भूखंड सिडको, मूळ मालक आणि बिल्डर यांच्यातल्या त्रिपक्षीय करारांतून बिल्डरांकडे गेले. लढ्याचे नेतृत्व आणि भूखंडाची दलाली यांतली रेघ नंतरच्या काही पुढाऱ्यांना दिसेनाशी झाली, हेही नोंदवायला हवे. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाबाहेर बांधलेल्या, ‘गरजेपोटीच्या’ म्हटल्या जाणाऱ्या घरांचा प्रश्न त्याच पिढीच्या गळ्यात पडला.

उतारवयात दि. बां.नी शेकाप सोडून शिवसेनेत प्रवेश केला. लाल बावट्याच्या जुन्या कार्यकर्त्यांना तो खुपला. तरी प्रकल्पग्रस्तांचे पुढारीपण त्यांच्याकडून कोणी काढून घेतले नाही.

त्याचा पुरावा त्यांच्या निधनानंतर मिळाला. नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा भूमिपुत्रांनी दि. बां.च्या नावाचा आग्रह धरला. १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोवर मोर्चा गेला. पुढल्या वर्षी विधिमंडळाने दि. बां.च्या नावाचा ठराव संमत केला. मोर्च्यात घोषणा देणाऱ्या कित्येकांचा जन्म १९८४ नंतरचा होता.