नाण्यावरचा 'स'

'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असा नाशिकच्या लेण्यांचा फॉरवर्ड परवा पुन्हा आला. अहो, पैसे देणाऱ्यांनी आपली नावं तिथेच कोरून ठेवलीत! १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत आहे: 'योणकस धंमदेवपुतस इद्राग्निदतस'. उत्तरेकडून आलेल्या, धम्मदेवाच्या मुलाचं, इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचं हे दान. योनक म्हणजे यवन. 'आयोनिया' या ग्रीकांच्या प्रदेशावरून आलेला, मुळात ग्रीकांसाठीचा शब्द.

या ओळीत तीनदा आलेला 'स' पाहा. संस्कृत 'स्य'चं हे प्राकृत रूप. आपल्या 'चा-ची-चे'चं काम करतं. खरोष्ठी लिपीचं कुलूप उघडताना हाच 'स' कामी आला.

इंडो-ग्रीक, म्हणजे भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत प्राकृत. उजवीकडून डावीकडे लिहायची ही लिपी पार विसरली गेली होती. १८३०च्या दशकात अफगाणिस्तानातल्या बेग्रामला नाणी गोळा करणाऱ्या चार्ल्स मॅसनच्या लक्षात आलं, की ग्रीक बाजूला 'मेनांद्रू' (मेनांद्र राजाचं) असेल तर मागे ठरावीक चिन्हंच येतात. कोलकात्यात जेम्स प्रिन्सेपने धागा पुढे नेला. पदव्यांचं भाषांतर होतं, विशेषनामांचं होत नाही. 'बासिलेओस' म्हणजे 'राजाचं', त्याचं 'महरजस' झालं, तिथे उच्चार जुळेना. पण 'मेनद्रस'मधून म, न मिळाले, 'अपलदतस' म्हणजे अपोलोदोतसमधून प, ल, द, त. मग त 'त्रतरस'मध्ये घालून पाहायचा. ग्रीक बाजूला 'सोतेरोस', तारणहार. राहिलं प्रत्येक शब्दाच्या शेवटी येणारं एकच चिन्ह. पालीतल्या षष्ठीशी ताडल्यावर तो 'स' निघाला.

हा मेनांद्र म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन या बौद्ध भिक्खूला प्रश्न विचारणारा मिलिंद. त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचं चक्र आहे, म्हणून लगेच 'राजा बौद्ध झाल्याचा पुरावा' म्हणून नाचू नये. चक्र चक्रवर्तीचंही असतं, आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर अथेना ही ग्रीक देवी वज्र फेकत उभी आहे.

त्यापेक्षा आजच्या पाकिस्तानातल्या स्वातमधला अस्थिकलश पाहा. त्यावर खरोष्ठीत आहे: 'थेउदोरेन मेरिदर्खेन प्रतिठविद इमे शरिर शकमुणिस भगवतो बहुजणहितये'. मेरिदर्ख हा ग्रीक हुद्दा, प्रांताचा अधिकारी. थिओडोरस नावाच्या या साहेबाने शाक्यमुनींच्या अस्थी बहुजनांच्या हितासाठी स्थापल्या. 'शकमुणि'च्या शेवटी पुन्हा तोच 'स'.