खारट आमटीतला बटाटा मीठ ‘ओढून’ घेतो का?

समज असा : आमटी खारट झाली की बटाटा टाकावा, तो मीठ शोषून घेतो आणि पाणी तसंच ठेवतो.

बटाट्याची प्रत्येक पेशी पातळ, स्निग्ध पेशीपटलात गुंडाळलेली असते. त्यातून पाणी सहज ये-जा करतं. मिठातल्या सोडियम-क्लोराइडला मात्र प्रथिनांची ठरावीक दारं लागतात. म्हणून कच्चा बटाटा मीठ ओढत नाही, उलट खारट पाण्यात स्वतःचंच पाणी गमावतो. करून बघा : बोटाएवढे दोन तुकडे कापा. एक साध्या पाण्यात, दुसरा पेलाभर पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवून त्यात ठेवा. दोन तासांनी पहिला ताठ, कट्‌कन मोडणारा. दुसरा लिबलिबीत, वाकवला तरी न मोडणारा.

उकळताना चित्र बदलतं. साधारण ६० अंशांच्या पुढे पटलं फाटतात, निवड करणारं कुणी उरतच नाही. मग मीठ आत शिरतं खरं, पण आतलं-बाहेरचं पाणी सारखं खारट होईपर्यंतच. १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ८० मिली पाणी असतं. लिटरभर आमटीचा खारटपणा त्याने जेमतेम सात टक्के उतरतो. तेवढंच पाणी ओतलं तरी तेच होईल. आमटीचे दोन समान भाग करून, झाकण ठेवून, एकात बटाटा आणि दुसऱ्यात तितकं पाणी घालून उकळा. घरच्यांना न सांगता चाखायला द्या.

रक्तदाब असलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं : तो बटाटा खाल्लात तर मीठही पोटात गेलंच. खारटपणा खरोखर उतरवायचा तर बिनमिठाची शिजलेली डाळ आणि पाणी वाढवा.